डब्यातला वैशाख

एअर फ्रायर हे तेल वाचवण्याचं यंत्र आहे असा समज महाड-पोलादपूर भागात ज्यांनी करून घेतला, त्यांच्याकडे ते आज बहुधा फ्रिजच्या डोक्यावर, मूळ खोक्यात, थर्माकोलसकट बसलेलं आहे. ते तिथवर कसं पोचतं याचा क्रमही ठरलेला असतो. मुंबईचा चाकरमानी गणपतीला गावी येतो, बाबांच्या कोलेस्टेरॉलचा विषय काढतो आणि गाडीच्या डिकीतून यंत्र उतरवतो. भाद्रपदातला पाऊस बाहेर पडतच असतो, तेव्हा पहिला मान कांदाभजीचा. भज्यांचं पीठ सैल असतं. ते जाळीच्या भोकांतून खाली उतरतं, जे वर टिकतं त्याला पंखा एका कडेला लोटतो, आणि पंधरा मिनिटांनी घंटी वाजते तेव्हा वर कांद्याच्या करपलेल्या काड्या आणि खाली बेसनाची पोळी असे दोन स्वतंत्र पदार्थ तयार झालेले असतात. लेकाने हौसेने आणलंय म्हणून आई 'वेगळं लागतं हो' एवढंच म्हणते. बाबा काही न बोलता चहा घेतात. अनंत चतुर्दशीला गणपती जातात, पाठोपाठ चाकरमानी जातो, कढई आपल्या जागी परत येते आणि यंत्र खोक्यात जातं. या सगळ्यात यंत्राची चूक नाही, भज्यांची तर नाहीच नाही. चूक अपेक्षेची आहे. कोकणात या यंत्राकडे तेल वाचवायचं काम मागणं चुकीचं आहे. त्याच्याकडे मागायचं ते ऊन. आणि हे एकदा मान्य केलं की त्यात पहिल्यांदा काय घालायचं याचंही उत्तर आपोआप मिळतं: सुका बोंबील.

आधी तळण्याचा निकाल लावू. १८० अंशांवर तापलेल्या भट्टीत आपण क्षणभर हात घालून ताट बाहेर काढतो आणि हाताला काही होत नाही. तेवढ्याच तापलेल्या तेलात बोटाचं टोक बुडलं तर आठवडाभर पट्टी बांधावी लागते. तापमान एकच, पण तेल अंगाला चिकटून उष्णता देतं आणि हवा ती अगदी हात राखून देते. भज्याचं पीठ तेलात पडताक्षणी चहूबाजूंनी धरलं जातं, म्हणून त्याला आकार येतो. हवेत ते धरलं जातच नाही. वारा कितीही गरम केला आणि कितीही जोरात फिरवला तरी ओल्या वस्तूचं तो एकच करू शकतो, तिचं वरचं पाणी उडवू शकतो. या यंत्राच्या पोटात दुसरं काही नसतंही. वर तापणारी तार, तिच्यामागे पंखा, खाली भोकांची टोपली. फ्रेड व्हान देर वेय या डच माणसाने हा खटाटोप केला तो भट्टीतून निघणाऱ्या बटाट्याच्या फोडी मऊ पडतात या वैतागातून. फिलिप्सने ते यंत्र २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडलं. त्याच्याही आधी, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, अमेरिकेत विल्यम मॅक्सनने पंखा लावलेली एक छोटी भट्टी केली होती. तिचं काम विमानातल्या सैनिकांसाठी गोठवलेली जेवणाची ताटं गरम करणं. म्हणजे या कुळाचा इतिहास तपासला तर मूळ तक्रार तेलाची दिसत नाही. ती थंडपणाची आहे, ओलेपणाची आहे. आरोग्याची गोष्ट मागाहून जाहिरातवाल्यांनी चिकटवली, कारण 'मऊ पडलेलं कडक करून देतो' असं सांगून वस्तू तेवढी खपत नाही. कोकणात मात्र खपली असती.

पश्चिमेकडे या यंत्रात हौसेने घातली जाणारी वस्तू म्हणजे बेकन. डुकराचं मांस, अमेरिकेत पोटाकडचं, इंग्लंडात बहुधा पाठीकडचं. मीठ लावून मुरवलेलं, पुष्कळदा धुरावर धरलेलं आणि कागदासारख्या पातळ चकत्यांत कापलेलं. त्यातही गोठवलेलं बेकन थेट यंत्रात टाकावं की आधी वितळू द्यावं, यावर तिकडे गंभीर मतभेद आहेत. थेट टाकणारे सांगतात की दोन-तीन मिनिटं गरम वारा लागला की विटेसारखा झालेला गठ्ठा सुटतो, मग काट्याने चकत्या वेगळ्या करायच्या, पसरायच्या आणि २०० अंशांवर दहाएक मिनिटं ठेवायच्या. तेल घालावं लागत नाही, कारण बेकन आपलीच चरबी सोडतं. ती चरबी खालच्या भांड्यात ठिबकते, तापते आणि धूर करते. तो होऊ नये म्हणून खाली थोडं पाणी किंवा पावाची एक स्लाइस ठेवायची. चरबी टाळण्यासाठी आणलेल्या यंत्रात चरबी टिपून घ्यायला पाव ठेवतात, आणि त्या पावाचं पुढे काय होतं हे कुणी सांगत नाही. आपल्याला तिथे जायचं कारण नाही. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की बेकन ही मुळात बेगमी आहे. युरोपात थंडी तोंडावर आली की डुक्कर मारायचं, कारण हिवाळाभर त्याला खायला घालायला काही नसायचं, आणि त्याचं मांस मीठ-धुराने टिकवून वसंतापर्यंत पुरवायचं. तिकडच्या लोकांना ऊन मिळालं नाही म्हणून त्यांनी धूर वापरला. पुढे फ्रिज आला, मीठ कमी झालं, आणि हलक्या मिठाचं बेकन टिकेना म्हणून ते पुन्हा गोठवावं लागलं. टिकवण्यासाठी केलेली वस्तू टिकावी म्हणून दुसऱ्यांदा टिकवायची आणि मग ती पूर्वपदावर आणायला तिसरं यंत्र घ्यायचं, याला प्रगती म्हणतात आणि ती हप्त्यावर मिळते.

आता हे गोठवलेलं पाकीट मुंबईहून महाडला आणायचं म्हटलं तर काय होईल, याचा विचार करू. अंतर १७० किलोमीटरच्या आसपास. महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चालू आहे, आणि ते चालू असताना जन्मलेली मुलं आता दहावीच्या उंबरठ्यावर आली आहेत. शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीत माणगावच्या कोंडीत जो अडकला, त्याच्या पिशवीतलं बेकन गोठवलेलं टाकावं की वितळवून टाकावं हा वाद तिथेच मिटतो. पाकीट थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून आणलं, कोंडीही लागली नाही, तरी पुढे ते ठेवायचं घरच्या फ्रीजरमध्ये, आणि पावसाळ्यात पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या वाड्यांना फ्रीजर हे बऱ्याचदा नुसतं कपाट असतं. झाड तारेवर पडतं, फीडर बंद होतो, आणि आंबेनळी घाटाखालचं गाव अंधारात बसतं. गोठलेलं राहणं हा बेकनचा गुण नाही. ती रस्त्याची आणि विजेची कामगिरी आहे, आणि ज्या तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे या दोघांच्या भरवशावर जेवणाचा बेत करणारा माणूस एक तर नवखा असतो किंवा चाकरमानी.

बोंबलाला यातलं काही लागत नाही. ताजा बोंबील म्हणजे जवळजवळ नव्वद टक्के पाणी. हातात घेतला तर निसटतो, तव्यावर टाकला तर अर्धा होतो. दिवाळीनंतर किनाऱ्यावर बांबूच्या वलांडी उभ्या राहतात आणि दोरीच्या दोन बाजूंना जबड्यात जबडा अडकवून बोंबलांच्या जोड्या लटकवल्या जातात. बहुतेक ठिकाणी मीठसुद्धा लावत नाहीत. तीन-चार दिवसांच्या उन्हा-वाऱ्यात ते पाणी जातं आणि मागे राहते एक पिवळट, वाकडी, उघड्या तोंडाची काठी, जी पुढचे कित्येक महिने काही मागत नाही. महाड-पोलादपूरची खरी मासळी हीच. रायगड जिल्ह्याचं नाव काढलं की लोकांच्या डोळ्यांपुढे अलिबागचा किनारा येतो, पण हा जिल्हा आत पार सह्याद्रीच्या कुशीत शिरलेला आहे आणि पोलादपुरातून समुद्र दिसत नाही, डोंगर दिसतो. सावित्रीला भरतीचं पाणी महाडपर्यंत चढतं, त्या भरतीवर एके काळी गलबतं दासगाव-महाडला लागत. आणि मीठ, सुकी मासळी बैलांच्या पाठीवर घाट चढून देशावर जायची. ताजा मासा आता बर्फात घालून टेम्पोने येतो, पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी, त्यामुळे ऐन पावसात त्याचाही भरवसा नाही. म्हणून मे महिन्यात आगोटीची खरेदी. बोंबील, सुकट, सोडे, वाकट्या, खारे बांगडे, सगळं उन्हात एकदा दाखवून डब्यात, आणि डबा माळ्यावर. महाडच्या बाजारपेठेत तर माळ्याला आणखी एक अर्थ आहे. नदी आत आली की जे माळ्यावर ते आपलं, हे २०२१ च्या जुलैतल्या पुरानंतर तिथे कुणाला सांगावं लागत नाही.

तर दोन्हीकडे युक्ती एकच आहे. वाईट महिने पार पाडायला चांगल्या महिन्यात केलेली सोय. फरक असा की बेकनचे वाईट महिने थंड असतात, आपले उबदार आणि ओले. त्यामुळे आपल्या बेगमीला जो शत्रू आहे तो तिकडे नाही. तो म्हणजे सादळणं. जुलै उजाडला की पोलादपूरच्या घरात सगळंच सादळतं. पापड सादळतो, पोहे सादळतात, काडेपेटी सादळते, मीठ बरणीतून ओतायचं सोडून खरवडावं लागतं, दरवाजे फुगून चौकटीत बसत नाहीत आणि वर्तमानपत्र हातात घडी मोडून आपोआप लोंबतं. बोंबीलही सादळतो. मे महिन्यात टचकन मोडणारा बोंबील जुलैत वाकतो, आणि वाकणारा बोंबील भाजला तर आतून चिवट राहतो. दाढेखाली येतो आणि तिथेच मुक्काम करतो. आता या सादळलेल्या मालाला हवंय काय? कोरडा, गरम, जोरात वाहणारा वारा. मे महिन्यात तो अंगणात फुकट मिळतो आणि आपण त्याला शिव्या देतो. जुलैत तो महाडमध्ये कुठेही मिळत नाही, फक्त या यंत्रात मिळतो. हे यंत्र म्हणजे पत्र्याच्या डब्यात कोंडून ठेवलेला वैशाख आहे, आणि दहा मिनिटांच्या हप्त्यांनी तो सोडता येतो, एवढी सोय खुद्द वैशाखातही नाही.

कृती अवघड नाही, पण घाई चालत नाही. बोंबलाचं डोकं, शेपटी आणि कडेचे पर कात्रीने काढायचे. सुरीने काढायला गेलात तर बोंबील उडतो आणि सुरी तुमच्याकडे येते. दोन-दोन बोटांचे तुकडे करायचे, पाण्यातून झटकन काढून फडक्याने टिपायचे. टोपलीत एकावर एक न ठेवता पसरायचे आणि आधी शंभर अंशांच्या आसपास चार-पाच मिनिटं नुसता वारा द्यायचा. हा सादळ काढायचा टप्पा. मग तुकडे बाहेर काढून त्यांना बोटाने तेल चोळायचं, सगळ्यांना मिळून अर्धा चमचा. कारण बेकनपाशी असते तशी स्वतःची चरबी बोंबलापाशी नाही. त्याला उसनी द्यावी लागते, आणि तेल टाळायला आणलेल्या यंत्रात आपण मुद्दाम तेल घालतो. मग १७० अंश, पाच-सहा मिनिटं. पहिली दोन मिनिटं काही होत नाही. तिसऱ्या मिनिटाला वास येतो आणि मांजर येतं. चौथ्याला कडा उचलल्या जातात, मधला पिवळट भाग बदामी होतो, काट्याच्या रेषेवर बारीक फोड दिसतात. पाचव्याला काढून एक तुकडा मोडून बघायचा: आवाज आला पाहिजे. आवाज आला की पाट्यावर लसूण, हिरवी मिरची आणि मिठाबरोबर ठेचा, किंवा नुसताच नाचणीच्या भाकरीबरोबर आणि कच्च्या कांद्याबरोबर खा. जवळा किंवा सुकट मात्र यात टाकू नका. तिला वजन नसतं. पंखा सुरू झाला की ती उठते, तारेला जाऊन चिकटते आणि तिथे जळते. सुकटीला तवाच बरा. डब्यातल्या वैशाखातही सगळ्यांचं भलं होत नाही.

इथे पहिला आक्षेप येणार तो चुलीचा. निखाऱ्यावर भाजलेल्या बोंबलाची चव या डब्याला येईल का? नाही येणार. हे कबूल करून टाकावं, उगाच वकिली करू नये. चुलीत धूर आहे, राख आहे आणि लक्ष ठेवायला माणूस आहे, तिन्हींची चव बोंबलात उतरते. पण ज्यांनी हा आक्षेप घेतला त्यांच्या घरी शेवटची चूल कधी पेटली, एवढं विचारावं. महाड शहरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये निखारे कुठून आणायचे? गावातही जुलैत सरपण ओलं असतं, चूल फुंकून फुंकून सून बेजार होते आणि चुलीच्या चवीचं कौतुक करणारे गृहस्थ त्या वेळी ओटीवर असतात. चुलीच्या बोंबलाची तुलना यंत्राच्या बोंबलाशी करणं अन्यायाचं आहे. खरी तुलना गॅसच्या बोंबलाशी व्हायला हवी, कारण आज घरोघर तोच भाजला जातो. आणि गॅसवर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. बोंबील सरळ नसतो. तव्यावर ठेवला की तो दोनच ठिकाणी टेकतो, तिथे काळा होतो आणि मधली कमान कच्ची राहते. दाबून धरला तर मोडतो. चिमट्यात धरून थेट आचेवर फिरवला तर पर पेट घेतात, शेगडीभर राख होते आणि बर्नरची भोकं बुजतात. वाकड्या वस्तूला सगळीकडून सारखी धग लावायची तर ती हवेनेच लागते, कारण हवेला वाकडं-सरळ कळत नाही. बेकन पातळ आणि सपाट आहे, तव्यावर सुखाने होतं. त्याला खरं तर या यंत्राची गरज नाही. गरज बोंबलाला आहे.

दुसरा आक्षेप वासाचा, आणि हा गंभीर आहे. पुष्कळांना वाटतं की यंत्र बंद असतं, म्हणजे वास आत राहील. वास आत राहत नाही. यंत्राच्या पाठीला झरोका असतो आणि पंखा त्यातून वास एका दिशेने, दमदारपणे बाहेर फेकतो. तव्यावरचा वास घरात रेंगाळतो. हा थेट शेजारी पोचतो. माशाच्या वासाचं मूळ ट्रायमिथाइलअमिन नावाच्या वायूत आहे, आणि आंबट पदार्थ त्याला धरून ठेवतो. आपल्या आज्यांनी रसायनशास्त्र न शिकता कालवणात आमसूल टाकलं ते अगदी बरोबर टाकलं. भाजायच्या आधी तुकड्यांना आगळ किंवा लिंबाचा हात लावला तर वास बराच खाली येतो, जात नाही. जावा असंही नाही. बोंबलाचा वास गेला तर खायचं काय? बिरवाडीकडच्या रासायनिक वसाहतीवरून येणारा वारा ज्यांनी वर्षानुवर्षं घेतला, त्यांनी बोंबलाला नाक मुरडू नये असं माझं मत आहे, पण सोसायटीच्या सभेत ते मांडून उपयोग होत नाही. खरा उपाय म्हणजे यंत्र मागच्या पडवीत ठेवणं. आणि तिथे एक तांत्रिक अडचण उभी राहते. चौदाशे वॅटचं यंत्र २३० व्होल्टवर सहा अँपिअरच्या थोडा वर प्रवाह ओढतं, आणि पडवीत असतो तो दिव्याचा सहा अँपिअरचा छोटा पॉइंट. सोळा अँपिअरचा मोठा पॉइंट असतो स्वयंपाकघरात, तोही फ्रिजने व्यापलेला. म्हणजे बोंबलाचा वास कुठे जाईल हे शेवटी घर बांधताना वायरमनने ठरवून टाकलेलं असतं, आणि तो तर केव्हाच पुढच्या साइटवर निघून गेलेला असतो.

तिसरा आक्षेप सोवळ्याचा. बोंबील केलेल्या यंत्रात गणपतीची चकली कशी करायची? टोपली घासता येते, पण वरची तार आणि पंखा घासता येत नाहीत. त्यांच्यावर बसलेला तेलाचा पातळ थर पुढच्या वेळी तापला की पुन्हा उडतो, म्हणजे आषाढातला बोंबील भाद्रपदात प्रकट होऊ शकतो. दीप अमावास्येनंतर श्रावणभर यंत्राला विश्रांती देऊन हे सुटत नाही, कारण थर श्रावण पाळत नाही. खालच्या भांड्यात लिंबाच्या साली आणि पाणी घालून रिकामं यंत्र काही वेळ चालवलं तर फरक पडतो, पण ज्यांच्या घरी सोवळं कडक आहे त्यांचं समाधान फरकाने होत नाही. त्यांच्यासाठी उत्तर एकच: चकली तळावी. चकलीला कढई आहे, मोदकाला मोदकपात्र आहे, भज्यांना पुन्हा कढई आहे. प्रत्येकाला आपलं भांडं आहे, मग बोंबलाला का नको? सुक्या मासळीला घरात आजवर स्वतःचं भांडं मिळालेलं नाही. फुटका तवा, कान तुटलेलं पातेलं, जे दुसऱ्या कामाचं उरलं नाही ते तिच्या वाट्याला. त्या न्यायाने फ्रिजच्या डोक्यावर पडून असलेलं यंत्र तिला देऊन टाकायला कुणाची हरकत नसावी.

चौथा आक्षेप मात्र माझ्या सगळ्या म्हणण्याच्या मुळावर येतो. हे यंत्र पावसाळ्यात ऊन पुरवतं असं म्हणायचं, आणि पावसाळ्यातच वीज जाते. ऊन आणि वीज यांचं या भागात गूळपीठ आहे. जातात तेव्हा बरोबर जातात. इन्व्हर्टरवर एक पंखा आणि दोन दिवे चालतात, चौदाशे वॅटचा वैशाख चालत नाही. हे खरंच आहे. पण इथेच बोंबील आणि गोठवलेलं बेकन यांतला फरक कामी येतो. वीज गेली की बेकनची घटका भरते. पहिल्या दिवशी वितळतं, दुसऱ्या दिवशी शंका येते, तिसऱ्या दिवशी शंका राहत नाही. बोंबील माळ्यावर वाट बघतो. तो मे महिन्यापासून वाटच बघतोय, त्याला दोन दिवसांचं काय? वीज आली की भाजायचा, नाही आली तर भिजवून कालवणात टाकायचा. यंत्रावर अवलंबून असलेला पदार्थ यंत्रात घालण्यापेक्षा यंत्रावाचून न अडणारा पदार्थ यंत्रात घालणं शहाणपणाचं आहे, एवढं तरी मान्य व्हावं. खर्चाचं म्हणाल तर दहा-बारा मिनिटांना पाव युनिटाच्या आसपास वीज लागते, म्हणजे दोन-तीन रुपये. वैशाख याहून स्वस्त नसतो. त्यात पंखे आणि कलिंगडं धरली तर महागच पडतो.

एक मर्यादा सांगायला हवी, नाहीतर कुणी उत्साहाने ताजे बोंबील टोपलीत वाळत घालायला निघेल. ते होणार नाही. चार लिटरच्या टोपलीत ताजे सात-आठ बोंबील मावतील, नव्वद टक्के पाणी उडवायला यंत्र तासन्तास चालवावं लागेल आणि तेवढ्या वेळात घरमालक भेटायला येईल. वलांडीवर हजारोंनी वाळतात ते खरं ऊन. यंत्र फक्त डागडुजी करतं: पापड, चिवड्याचे पोहे, शेंगदाणे, खारी आणि बोंबील, जे जे एकदा वैशाखाने कडक केलं आणि आषाढाने मऊ पाडलं, ते पुन्हा जागेवर आणतं. ज्यांच्या घरी यंत्र खोक्यात पडलंय त्यांनी येत्या आषाढात ते काढावं आणि आधी सादळलेल्या पापडांवर हात बसवावा. उडू नयेत म्हणून वर एक छोटी जाळी ठेवायची. ज्यांना नवं घ्यायचंय त्यांनी वायरमनला बोलावून मागच्या दाराजवळ सोळा अँपिअरचा पॉइंट काढून घ्यावा, यंत्र त्यानंतर घ्यावं. बोंबलांचं मात्र ३१ मेच्या पुढे ढकलू नका. १ जूनला बोटी बंद होतात, आणि डब्यातला वैशाख वाळवलेला बोंबील फक्त भाजून देतो, आणून देत नाही.